सुपेगावचे चार दिवस आणि अंगावरचे तीन थर

माझा आतेभाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो आणि दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातो. आत्याला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. तिकडे ते कायद्यात बसतं. परवाना काढायचा, बंदुकीचा हंगाम नऊ दिवसांचा, मारलेल्या जनावराची नोंद करायची. पण दादा या विषयावर बोलायला लागला की बंदुकीवर दहा मिनिटं बोलतो आणि कपड्यांवर तासभर. पहाटे शून्याच्या खाली झाडावरच्या मचाणात बसायचं, दुपारी ऊन, संध्याकाळी बर्फाची भुरभुर, म्हणून अंगावर थर चढवायचे. अंगालगत लोकरीचं, घाम उचलणारं. मध्ये ऊब धरणारं. वर वारा-पाणी अडवणारं. आणि त्याचं ठरलेलं वाक्य, “घरातून निघताना थंडी वाजली पाहिजे. नाही वाजली तर जास्त घातलंयस.”

गेल्या गणपतीत तो आला तेव्हा त्याचे जुने तीन थर मला देऊन गेला. मेरिनो लोकरीचा लांब बाह्यांचा बनियन, करड्या रंगाचं फ्लीस आणि एक भडक केशरी जाकीट. त्यांच्याकडे बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरचा निम्मा तरी पोशाख असा भडक असावाच लागतो, नाहीतर दुसरा शिकारी झुडपातली हालचाल बघून तुमच्यावरच बार काढायचा. २०१६ पासून म्हणे भडक गुलाबीही चालतो. बायकोनं जाकीट उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, “नालेसफाईला निघालास की काय?”

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनं हा सगळा विषय संपवला, आणि अभयारण्यात शिकार केली तर तीन ते सात वर्षं आत. ते योग्यच आहे. माझी शिकार कॅमेऱ्याची. पण जंगलात हरणाला न कळता तास दोन तास बसायचं असेल, तर हातात बंदूक आहे की कॅमेरा याच्याशी अंगातल्या घामाला देणंघेणं नसतं. म्हणून मार्गशीर्षात चार दिवस काढून फणसाडला जायचं ठरवलं. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचं जंगल. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारीचं रान. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. शिकारीचे कपडे तपासायला याहून बरी जागा सुचली नाही.

पहिला दिवस, गुरुवार

भाऊच्या धक्क्यावरून सकाळची रो-रो बोट. डेकवर उभा राहून पहिला धडा मिळाला. फ्लीस अंगात असूनही कुडकुडलो. घरात, पंख्याखाली, ते उबदार असतं, पण वारा त्यातून चाळणीतून गाळल्यासारखा आरपार जातो. ऊब धरून ठेवते ती त्या केसाळ कापडात अडकलेली हवा, आणि वारा ती हवाच पळवून नेतो. वर जाकीट चढवलं तसं सगळं थांबलं. एक शाळकरी मुलगा आईला म्हणाला, “आई, बोटीवाले काका.”

मांडव्याला उतरून अलिबाग स्टँडवर पोचेस्तोवर बारा वाजले होते आणि मोबाईल ३२ अंश दाखवत होता. तीन तासांपूर्वी ज्या माणसाला तीन थर कमी पडत होते त्याला आता एक बनियन जास्त होत होता. कोकणातला हिवाळा असा असतो. डोंबिवलीत बसून आपण एक आकडा बघतो आणि बॅग भरतो. प्रत्यक्षात पहाट आणि दुपार हे दोन वेगळे ऋतू असतात, आणि मध्ये दवाचा तिसरा.

‘मुरूड, सुपेगाव मार्गे’ अशी पाटी बघून एस्टीत बसलो. चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल. साळावला पर्यटकांच्या गाड्या उजवीकडे वळतात, कोर्लई-काशिदच्या किनाऱ्याकडे. आमची गाडी डावीकडे वळली आणि पाच मिनिटांत समुद्राचं नाव राहिलं नाही.

सुपेगावात, अभयारण्याच्या वेशीवरच्या या गावात, ज्यांच्या पडवीत पथारी टाकली तेच माझे वाटाडे. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, मीही म्हणालो. मामा साठीच्या आसपास. अंगात गावच्या क्रिकेट संघाची गडद निळी जर्सी, पाठीवर १८ आकडा आणि खाली गेल्या वर्षीच्या स्पर्धेचा पुरस्कर्ता. कोकणात आता अशी जर्सी नसलेलं घर शोधून सापडायचं नाही. त्यावर उघडा खाकी शर्ट, गळ्यात टॉवेल.

मी माझे थर खाटेवर मांडले. मामांनी बनियन उचलून बोटांत चोळला, फ्लीस गालाला लावलं, जाकीट नाकाशी नेलं आणि लगेच लांब धरलं.

“डांबरगोळी?”

कपाटात होतं ना तीन महिने.

“ह्यो वास सांबराला रोह्यात येल.”

जाकीट आणि फ्लीस दोन्ही वईवर, म्हणजे कुंपणावर, टाकली गेली, रात्रभर दव खायला. मग माझा पांढरा पंचा पाहिला. “ह्यो न्यायचा नाय.” पांढरा रंग उठून दिसतो एवढंच त्यांचं म्हणणं. मला दादानं सांगितलेलं आठवलं. माणसाच्या डोळ्यातलं भिंग अतिनील किरण अडवतं, हरणाचं बरेचसे आत येऊ देतं. आपण धुण्याच्या पावडरीतून कपडे जे पांढरेशुभ्र, चमकदार करतो, ती चमक पावडरीतलं रंगद्रव्य अतिनील प्रकाश गिळून निळसर प्रकाश बाहेर टाकतं म्हणून येते. हरणाला निळ्याकडचाच भाग जास्त चांगला दिसतो. म्हणजे आपली जाहिरातीतली शुभ्रता त्याच्यासाठी ट्यूबलाईट. तिकडचे शिकारी कपडे धुवायला चमक न आणणारा, बिनवासाचा साबण मुद्दाम शोधून आणतात. मी माझी सुती पँट त्या शुभ्रतेच्या पावडरीत दोनदा धुतली होती, नवीन ट्रिपसाठी म्हणून.

दुसरा दिवस, शुक्रवार

पहाटे १७ अंश. दादाचं वाक्य पाठ असूनही मी तिन्ही थर घालून निघालो. पडवीत चहा पिताना बरं वाटत होतं आणि माणूस पडवीतल्या थंडीवरून जंगलाचा अंदाज बांधतो. मामांच्या अंगात जर्सी, खाकी शर्ट, बस्स. त्यांचे दात वाजत होते, हे मी पाहिलं.

नाक्यावर नोंद करून आत शिरलो. पहिली वीस मिनिटं चढ. ऐन, किंजळ, अंजनी, आणि झाडांवरून लोंबणारी गारंबी, जिच्या शेंगा हातभर लांब होतात. सुकलेल्या पानांचा खच एवढा की पावलागणिक पापड मोडल्याचा आवाज. अर्ध्या चढावर माझ्या पाठीतून पहिली धार सुटली. मामांनी तिथेच खाकी शर्ट काढून कमरेला बांधला. मी म्हटलं, आता पोचलोच, कशाला थांबायचं.

चिखलगाणीपाशी बसलो. पाणवठ्याला इथे गाण म्हणतात. मार्गशीर्षात जंगलात जागोजागी पाणी असतं, त्यामुळे वैशाखासारखी जनावरं पाण्यावर येतीलच असं नाही, हे मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण या दिवसांत सांबराचे नर माजावर असतात आणि चिखलात लोळायला येतात. आमची आशा पाण्यावर नव्हती, चिखलावर होती.

आम्ही गाणीच्या पश्चिमेला बसलो, करवंदीच्या जाळीमागे. रात्रभर जमीन निवते, समुद्र तेवढा निवत नाही, म्हणून पहाटे वारा डोंगराकडून दर्याकडे वाहतो. शाळेत मतलई वारे म्हणून पाठ केलेले हेच. पूर्वेकडून तोंडावर वारा, म्हणजे आमचा वास मागे समुद्राकडे.

दहा मिनिटं झाली आणि मला हुडहुडी भरली. तीन थरांत. आतला बनियन पाठीला चिकटलेला, फ्लीसची आतली बाजू ओलसर, वर जाकीट सगळं कोंडून धरतंय. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं उष्णता पळवतं. अंगाला ओलं चिकटून असलं की बाकीचे थर नुसते ओझं. शेजारी मामा काय करत होते ते मी नीट पाहिलं. वाऱ्याकडे पाठ केली. टॉवेल जर्सीच्या आत घालून आधी छाती पुसली, मग काखा, मग टॉवेल पाठीवर आडवा ओढला, मशेरी लावावी तितक्या निवांतपणे. ओली जर्सी दोन बोटांनी अंगापासून उचलून धरली आणि वारा आत घेतला. चार-पाच मिनिटांत ती वाळली. मग कमरेचा शर्ट सोडून अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि टॉवेलचा मफलर केला. ते कुणाकडून शिकलेले नव्हते, आणि दादाचं वाक्यही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. स्पर्धेची पॉलिस्टरची जर्सी घाम पिऊन बसत नाही, पसरवते आणि सोडून देते. कुणी विचारलं तर मी म्हणेन की दादाच्या महागड्या बनियनला जवळपास तोड आहे. जवळपास एवढ्यासाठी, की तीन दिवस घातलेली जर्सी तीन दिवस घातल्यासारखा वास मारते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ आत मुरवूनही ओली लागत नाही, आणि वास धरायला तर फार वेळ घेते. हरणापाशी बसायचं तर हा फरक लहान नाही.

त्या सकाळी शेकरू दिसलं, रानकोंबडा ओरडला, दूर कुठेतरी भेकर कुत्र्यासारखं भुंकलं. साडेनऊला वारा पडला. पानही हलेना. पुढची अर्धी घटका घुसमट झाली आणि मग मानेवर मागून चिकट झुळूक आली. खारे वारे सुरू झाले होते. मामा उठलेच. “आता आपला वास गाणीवर. बसून उपेग नाय.”

दुपार कशी गेली? जाकीट काढून उतरलो होतो, त्या फ्लीसमधली कुसळं काढण्यात. माळावरचं गवत आता वाळून पिवळं पडलंय आणि त्याचं एकेक कुसळ फ्लीसच्या केसांत असं रुततं की ओढलं की अजून आत जातं. अडीचशेपर्यंत मोजली, मग सोडून दिलं. मध्येच उजवा खांदा जळायला लागला. मामींनी लांबूनच ओळखलं, “खाजकुयली!” तिच्या शेंगांवरची सोनेरी लव जाकिटावर बसली असती तर झटकून गेली असती. फ्लीसनं ती जपून घरी आणली होती. मामींनी शेणाचा गोळा आणून दिला, तो खांद्याला चोळून सुकू दिला आणि मग धुतला. आराम पडला, पण फ्लीसबद्दल माझं जे मत त्या दुपारी झालं ते झालंच. गवताळ रानात केसाळ कापड नेऊ नये. घट्ट विणीचं, गुळगुळीत काहीही चालेल, मामांचा झिजलेला खाकी शर्टसुद्धा.

संध्याकाळी दुसऱ्या बाजूनं, माळाच्या कडेला बसलो. या वेळी चढ फक्त बनियनवर चढलो, जाकीट पिशवीत. थंडी वाजली नाही, पण घामही आला नाही. बसल्यावर टॉवेलनं अंग पुसलं, जाकीट चढवलं. मी मनात दादाला शाबासकी दिली.

सव्वापाचच्या सुमारास भेकर आलं. कुत्र्याहून थोडं मोठं, तांबूस, पाठीला किंचित बाक, डोकं खाली घालून काहीतरी हुंगत. वीस पावलांवर. नराच्या कपाळावर शिंगांच्या बुडापासून उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा असतात, त्या मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. कॅमेरा मांडीवर. पण बॅटरी थकलेली, दुसरी जाकिटाच्या खिशात. मी हळूच खिशाची पट्टी उचलली.

खर्रर्र.

त्या खिशाला बटण नाही, वेल्क्रो आहे. त्या शांततेत कुणीतरी ताडपत्री फाडल्यासारखं झालं. भेकराचं शेपूट उभं राहिलं, खालचा पांढरा रंग एकदा चमकला आणि झुडपात भुंकण्याचा आवाज, दूर दूर जाणारा. मामा काही बोलले नाहीत. उतरताना एकदाच म्हणाले, “चेन असती तरी चाललं असतं. तेल लावून.”

रात्री मामा वालाच्या शेतात राखणीला गेले. भात निघून गेल्यावर त्याच ओलीत वाल टाकतात, आता तो फुलात आहे. पोपटीला, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायला, अजून अवकाश, पण डुकरांना तेवढा धीर नसतो, म्हणून माळ्यावर, शेतातल्या मचाणावर, झोपायचं. निघताना ते दारात घुटमळले.

“ता करडा हाय ना, कुसळवाला…”

घेऊन जा म्हटलं.

तिसरा दिवस, शनिवार

पहाटे उठलो तर थंडी गायब. २४ अंश, ढग, आणि हवेला ओल्या गोणपाटासारखा वास. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय, असं गावातल्या सगळ्या मोबाईलवर एकदम आलं. मामींना माझ्या हरणांचं काही नव्हतं. त्यांचा जीव वालाच्या फुलात आणि परसातल्या हापूसच्या नुकत्या डोकावणाऱ्या मोहरात. असल्या हवेत मोहरावर तुडतुडा येतो, करपा पडतो. शेजारणीचे बोंबील अंगणात वाळत होते, ते पोरांनी पळत पळत आत घेतले.

आठच्या आधीच पाऊस लागला. मुसळधार नव्हे, पण चिवट.

दादाचं जाकीट पाणी अडवतं आणि घामाची वाफ बाहेर सोडतं, असं त्याच्या आतल्या पट्टीवर लिहिलं आहे. विस्कॉन्सिनच्या कोरड्या थंडीत ते खरं असेल, किंबहुना आहेच. पण वाफ बाहेर जाते ती आत जास्त आणि बाहेर कमी असते म्हणून. बाहेर चोवीस अंश आणि हवा पाण्यानं गच्च भरलेली असेल तर तिनं जायचं कुठे? अर्ध्या तासात पाऊस जितका बाहेरून होता तितकाच आतून. दादरच्या एका दुकानातून घेतलेली ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ पँट तर शिवणींतून गळायला लागली, तिचं वेगळंच.

मामा खोळ पांघरून आले. प्लॅस्टिकचा जाड कागद, दोन कोपरे आत दुमडून डोक्यावर टोपीसारखा आणि पाठीवरून गुडघ्यापर्यंत. समोरून सताड उघडी. वाकून चालणाऱ्या माणसाची पाठ कोरडी आणि पोटाशी वारा खेळता. पूर्वी इरलं करायचं तेच काम. मीही एक मागून घेतली, जाकीट घरी ठेवलं आणि बनियनवर खोळ घेऊन निघालो. छाती भिजली. पण लोकर भिजूनही गार लागत नव्हती, आणि अंग कोंडलं नाही. खोळ चुरचुर वाजते हा तिचा दोष. पाऊस पडत असेपर्यंत तो दोष लपतो, थांबला की उघडा पडतो. झुडपं दाट असतील तिथे ती काट्यांना अडकतेही. तिचं कौतुक तेवढंच करायचं.

जनावर एकही नाही. चिखलात सांबराचे ठसे होते, कडा अजून ढासळलेल्या नव्हत्या, म्हणजे ताजे. मामांनी ठशाशेजारी आपली चार बोटं टेकवली, मग वर बघितलं. मी विचारलं, काय?

“पानं बगा.”

मी पाय टाकला. कालचा पापडाचा आवाज नव्हता. पावसानं सगळा पाचोळा ओल्या कापडासारखा मऊ करून टाकला होता.

“उद्या उघडलं तर,” मामा म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं.

दुपारभर पडवीत दोरीवर कपडे. सुती पँट आणि माझा सुती शर्ट रात्री नऊलाही पिळावा असे ओले. जर्सी तासाभरात कोरडी. बनियन झोपायच्या वेळेला दमट, चुलीजवळ टाकला. जाकिटाच्या वेल्क्रोवर मी वायरिंगची काळी टेप चिकटवली, मामांच्या नातवाच्या देखरेखीखाली. तो म्हणाला, “काका, बॅटऱ्या पँटच्या खिशात का नाय ठेवत?” खरंच, का नाही?

चौथा दिवस, रविवार

उघडलं. इतकं उघडलं की पहाटे १६ अंश, चांदणं टिपूर आणि दव असं की वईवरून टपटप आवाज येत होता. सुती काहीही वाळलं नव्हतं, फक्त पँट कशीबशी चढवली. फ्लीस मामांच्या माळ्यावर. उरलं काय, तर बनियन आणि केशरी जाकीट.

मामा जाकिटाकडे बघत राहिले. “एवडा भगवा?”

मग मी त्यांना अंधारात, फाटकाकडे चालता चालता, हरणाचा डोळा सांगितला. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन तऱ्हेच्या, हरणाच्या दोन. निळा त्याला लख्ख, हिरवा-पिवळा ठीक. लाल आणि केशरी मात्र त्याला वेगळे कळत नाहीत, ते आसपासच्या पाल्यापाचोळ्यात मिसळून जातात. म्हणून तर तिकडचे शिकारी केशरी घालूनही हरणं मारतात. माणसाला दिसावं, हरणाला नाही.

मामा थोडा वेळ गप्प चालले.

“मग माजी निळी?”

ती दिसते.

त्यांनी खाकी शर्टाची बटणं वरपर्यंत लावली. कॉलरमधून डोकावणारा निळा काठही बोटानं आत सारला.

चढ नुसत्या बनियनवर. या वेळी थंडी खरोखर वाजली, हातांवर काटा आला, आणि मला तेव्हा बरं वाटलं, कारण पाठ कोरडी होती. पावलांचा आवाज जवळपास नाही. त्याच करवंदीमागे, गाणीच्या पश्चिमेला बसलो. टॉवेल, मग जाकीट. बॅटरी पँटच्या खिशात. डांबरगोळीचा वास तीन रात्रींच्या दवानं आणि एका दिवसाच्या पावसानं गेला होता. मामांनी बाही हुंगून मान हलवली.

सूर्य ऐनाच्या शेंड्यावर आला तेव्हा गाणीच्या पलीकडची सावली हलली. आधी नुसता रंग, ओल्या खोडासारखा. मग मानेवरचे दाट, लांब केस, दवानं चिकटून जटा झालेले. मग शिंगं, त्यांत कालच्या पावसातली एक वेल अडकून लोंबती. नर सांबर एखाद्या घोड्याएवढा दिसतो हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण तीस पावलांवर त्याचं पाऊल चिखलात बुडतानाचा ‘चुबुक’ आवाज ऐकू आला की पुस्तक आठवत नाही. पुढच्या खुरानं त्यानं चिखल उकरला, एकदा, दोनदा. गुडघे टेकले. कुशीवर पडला आणि चारी पाय हवेत घेऊन घासत राहिला, गोठ्यातल्या म्हशीसारखा. उठला तेव्हा एक बाजू काळी, एक तपकिरी, आणि काळ्या बाजूवरून वाफ निघत होती.

मग त्यानं आमच्याकडे बघितलं. आमच्याकडे म्हणजे थेट माझ्याकडे, करवंदीच्या वर आलेल्या माझ्या केशरी खांद्याकडे. कान दोन्ही पुढे, मग एक मागे. मी श्वास अर्धा घेतलेला. मामांची करंगळी माझ्या गुडघ्यावर, हलू नको म्हणून. तो बघत राहिला. दोन-तीन मिनिटं असतील, मला जास्त वाटली. मग त्यानं मान वळवली आणि करवंदीच्या याच बाजूला दोन पावलं टाकली, काहीच नसल्यासारखी.

तेवढ्यात मला मानेवर मागून गार लागलं.

मतलई अजून पडायची नव्हती, घड्याळात सव्वाआठही झाले नव्हते. पण पावसानंतरच्या हवेला वेळापत्रक नसतं. एक झुळूक, दमट, दर्याकडून. ती माझ्या मानेवर लागली आणि बहुधा दुसऱ्या क्षणी त्याच्या नाकात गेली. सांबरानं खूर आपटला, ‘ढाँक’ असा आवाज सबंध रानात घुमला आणि त्याचं एवढं मोठं शरीर ओल्या पाचोळ्यावरून एकही काटकी न मोडता गेलं. रंगानं नाही, आवाजानं नाही. मी तीन दिवस कपडे बदलत होतो आणि शेवटी त्याला कळलं ते कपड्यांच्या आतल्या माणसामुळे.

“दिसला ना पण,” मामा म्हणाले आणि तंबाखूची चंची काढली.

अकरा फोटो, त्यातले चार बरे.

दुपारच्या एस्टीनं परत. रेवदंड्याच्या पुलावर रेंज आली तसा दादाला फोटो पाठवला. त्याच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, तरी दोन मिनिटांत उत्तर. आधी ‘जाकीट चाललं ना?’ मग, ‘किती टोकांचा?’ तिकडे नर मोजतात तो शिंगांच्या टोकांवर. आठ टोकांचा म्हणजे सांगण्यासारखा. सांबराच्या पूर्ण वाढलेल्या शिंगाला एका बाजूला तीनच टोकं असतात. मी लिहिलं, सहा.

‘फक्त सहा?’

मी त्याला वजन कळवलं. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या वर जातो. पुढे बराच वेळ काही आलं नाही.

मांडव्याला बोटीत चढून जाकीट काढायला गेलो, तेव्हा पिशवीत फ्लीस नाही हे लक्षात आलं. मामांना फोन लावला. मागे कुणीतरी डब्यावर काठी बडवत होतं, डुकरांसाठी.

“हाय, हाय, माज्याकडंच हाय,” मामा म्हणाले. “कुसळं काडतंय ना. थंडी सरली का एस्टीनं देतो पाठवून.”